पानामागे दर

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी वेळेवर जेवते, आणि आतोबा म्हणतात तशी वाळून खारीक झालेली नाही.

कामाचं मात्र त्रांगडं झालंय. आमच्या कारखान्यात हॉस्पिटलमधली उपकरणं वाफेवर निर्जंतुक करायची यंत्रं बनतात आणि ती कशी चालवायची याच्या पुस्तिका मी लिहिते. (शेजारणीला तू अजून 'टायपिंग करते' असं सांगतेस, ते कळलंय मला.) मोठ्या यंत्राची जुनी पुस्तिका सेहेचाळीस पानांची होती. मी महिनाभर फिटरच्या मागे मागे हिंडले, यंत्र स्वतः चालवलं, दोनदा बिघडवलं आणि तेवढीच माहिती चौदा पानांत बसवली. फिटर म्हणाला, माझं यंत्र मला आज कळलं. मी हवेत! पैसे हातात पडले तेव्हा जमिनीवर आले, कारण मला दर मिळतो पानामागे. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकी मी गरीब.

मग शहाणपणा सुचला. पुढच्या पुस्तिकेत पाल्हाळ लावला. 'दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नका' या एका ओळीचं दीड पान केलं, त्यात वाफेचा इतिहाससुद्धा आला. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. सगळं खोडलं. आता साहेबांशी बोलायला हवं, पण जीभ रेटत नाही.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आतोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पानामागे पैसे असतील तर मलाही तिथे चिकटव. यांना आपल्या एका शिंकेची हकिगत सांगायला अर्धा तास लागतो, हे तू जाणतेसच. तेव्हा त्यांच्याकडून सल्ला नको.

मी मात्र हसण्यावारी नेणार नाही. तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. तुमच्या यंत्रासारख्याच एका यंत्राचं जाडजूड पुस्तक आमच्याकडे होतं. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून ते छान उपयोगी पडायचं. एका नव्या मुलीने घाईत झाकण उघडलं आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. काट्याची ती ओळ पुस्तकात होती गं, एकतिसाव्या पानावर. ती मुलगी अजून पूर्ण बाह्यांचेच कपडे घालते. तू ती ओळ पहिल्या पानावर घेतली असशील, मला खात्री आहे. तिची किंमत कुठल्या पट्टीने मोजायची?

तेव्हा रडगाणं पुरे. साहेबांना यंत्रापुढे उभं कर. आधी जुनी पुस्तिका हातात दे आणि म्हणावं, चालवा. मग तुझी दे.

तब्येतीला जप. चिडून लिहीत जाऊ नकोस, अक्षर बिघडतं.

तुझी आत्या

२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. साहेबांना म्हटलं, नवी पुस्तिका छापायच्या आधी आपण एकदा पडताळून पाहावी. साहेब खुशीत बाह्या सरसावून आले. सगळा विभाग 'सहजच' जमला. वीस मिनिटांनी साहेब जुन्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होते. तिथून त्यांना सव्विसाव्यावर धाडलं होतं आणि सव्विसाव्यावरून परत चौथ्यावर. यंत्र नुसतं फुसफुसत होतं. शेवटी वैतागून त्यांनी झाकणाला हात घातला. काटा शून्यावर नव्हता. फिटर शेजारीच उभा होता, त्याने त्यांचं मनगट पकडलं. साहेब पांढरेफटक पडले होते.

मग माझी पुस्तिका दिली. नऊ मिनिटांत काम झालं. ते बराच वेळ पहिलं पान बघत राहिले, मग भाषा छान आहे तुमची, असं म्हणून निघून गेले. शाबासकी मिळाली, दर तोच. आणि मी मूर्खासारखं थँक्यू म्हटलं.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

शाबासकीने पोट भरतं का, हे आतोबांना विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्षांत तुझ्याकडून एकही मिळाली नाही, त्यामुळे अनुभव नाही.

जा आणि सरळ सांग. यंत्रांची ड्रॉइंग काढणाऱ्यांना कागदाच्या मापाने पगार देता का, म्हणून विचार. आवाज कापला तरी चालेल, वाक्य पुरं कर. नाही म्हणाले तर इकडे ये. खोली रिकामी आहे आणि मला बोलायला कोणीतरी हवंच आहे.

तुझी आत्या

१७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेले. आवाज कापला. पण सांगितलं, की यंत्र समजून घेणं, चालवून बघणं, माणूस कुठे चुकेल ते आधी शोधणं, हे सगळं माझं काम आहे आणि लिहिणं त्यातलं शेवटचं. ड्रॉइंगवाल्यांइतका महिन्याचा पगार द्या, नाहीतर पुढची पुस्तिका मी लिहिणार नाही. साहेब म्हणाले, "लिहायला काय, कुणीही लिहील." मी म्हटलं, "लिहू दे." आणि घरी आले. जेवणाचा डबा तिथेच विसरला, ते आतोबांना सांगू नकोस.

आठ दिवस काही निरोप नाही. तुझ्याकडे यायला बॅगसुद्धा काढून ठेवली. तेवढ्यात कळलं, साहेबांच्या मेहुण्याने पुढची पुस्तिका लिहिली होती, एकसष्ट पानांची. फिटरने ती परत पाठवली. म्हणाला, हे यंत्राच्या पेटीत घालायचं असेल तर पेटी तुम्हीच भरा.

काल साहेबांनी बोलावलं. पानामागचा दर गेला. पहिले सहा महिने ड्रॉइंगवाल्यांपेक्षा थोडं कमी, मग बरोबरीने. मी त्याला हो म्हटलं. तू म्हणशील घाई केली, पण केली. मग साहेब म्हणाले, कराराचं पत्र तुम्हीच लिहून आणा, तुमचं नीट असतं. मी पाच ओळींत लिहून नेलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, यातली एखादी ओळ कमी नाही का करता येणार?

मी म्हटलं, "नाही साहेब. लागतात तेवढ्याच आहेत."

त्यांनी सही केली.

तुझीच,
भिंगरी