मागच्या अंगणाची खबरबात

प्रिय खारुताई,

हे नाव वाचून तुला हसू आलं असेल किंवा कसंसंच वाटलं असेल, मला इथे बसून कळायचं नाही. 'प्रिय' लिहायचं आणि पुढे अडकायचं, असे बरेच कागद टोपलीत गेले. शेवटी हे म्हणाले, "ते नाव मी ठेवलेलं आहे. ते काही कोर्टात रद्द झालेलं नाही." मग तेच लिहिलं. घरातल्या कुठल्याही खणात हात घातला की पुडीत बांधलेल्या बिया सापडायच्या, म्हणून त्यांनी तुला खारुताई म्हणायला सुरुवात केली होती. अजूनही सापडतात. परवा शिलाई मशीनच्या खणात, सुयांच्या डबीखाली भोपळ्याच्या बिया निघाल्या. हे म्हणाले, पेरून तर बघ. पेरल्या. आता तो वेल भिंतीवरून शेजारच्या शिक्षिकाबाईंच्या खिडकीत डोकावतोय आणि त्या रोज मला विचारतात, भोपळा त्यांच्या बाजूला धरला तर तो कुणाचा.

तू गेलीस तेव्हा टोमॅटो हिरवे होते. मला मातीत हात घालायची हौस कधीच नव्हती, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तुझ्या चपलांची माती घरभर व्हायची आणि मी फडकं घेऊन तुझ्या मागे मागे. तू गेल्यावर मी मनाशी म्हटलं, आता वाळेल सगळं, मग फरशी घालून घेऊ, कपडे वाळत घालायला प्रशस्त जागा होईल. काही दिवस मागचं दार बंदच ठेवलं. मग एकदा कचऱ्याची बादली ठेवायला म्हणून उघडलं, तर झाडांनी माना टाकलेल्या, पानं खालून पिवळी पडलेली, आणि त्यातच एक टोमॅटो लालबुंद. आता पिकलेला टोमॅटो डोळ्यांदेखत सडू देणं मला जमणारं आहे का? सगळा जन्म स्वयंपाकघरात गेलाय. तोडला. मग म्हटलं, बाकीचे पिकेपर्यंत तरी पाणी घालू. ते पिकेपर्यंत घेवडा फुलावर आला. फुलं आलेल्या वेलाचं पाणी कसं तोडायचं? असं करता करता फरशी राहूनच गेली.

घेवड्यावर मावा पडला तेव्हा मात्र मी रडकुंडीला आले. कोवळ्या शेंड्यांवर हिरवट काळी पूड शिंपडल्यासारखी दिसली, बोट लावलं तर पूड चालायला लागली. पानं चिकट, त्यावर मुंग्यांची ये-जा. मी तुझ्यासारखं साबणाचं पाणी करून फवारलं, पण मला कुठे तुझं प्रमाण माहीत होतं. साबण जास्त झाला आणि भर उन्हात फवारलं, त्यामुळे पानंच करपली. मावा ठणठणीत. त्यातच दुसऱ्या कसल्यातरी अळ्या दिसायला लागल्या, काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके, पाय फेंगडे टाकत चालणाऱ्या, अगदी मगरीचं पिल्लू सुईच्या नाकातून ओवून काढावं तशा. मला वाटलं, आता हे नवीनच संकट. मी रोज सकाळी चष्मा लावून एकेक अळी शोधायची आणि चिरडायची. हे म्हणायचे, बाईने युद्ध पुकारलंय. शेवटी चार अळ्या बाटलीत घालून तुझ्या त्या नर्सरीवाल्यांकडे घेऊन गेले आणि म्हटलं, ह्यांच्यावर जालीम काहीतरी द्या. त्यांनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "काकू, ही ढालकिड्याची पोरं. ही मावाच खायला आली होती." ढालकिडा म्हणजे तो लाल, ठिपक्यांचा, तू हातावर चालवत आत आणून मला दाखवायचीस तो. त्याची पोरं इतकी भेसूर असतील हे मला कोणी सांगितलं होतं?

त्यांनी औषध काही दिलंच नाही. म्हणाले, आता काही करू नका, थोडे दिवस हातसुद्धा लावू नका. मुंग्या चढू नयेत म्हणून फक्त वेलाच्या काठ्यांना खालून चिकटपट्टी गुंडाळायला सांगितली, कारण मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्याच्या राखणीला बसतात. काही करू नका म्हणणं सोपं आहे. मी रोज हात पाठीमागे बांधून घेवड्यासमोर उभी राहायची, शाळेत पट्टी खाल्लेल्या मुलीसारखी. मावा वाढतच होता. मग एका सकाळी शेंड्यांवर त्या मगरींचं अख्खं खानदान उतरलेलं दिसलं. पुढच्या आठवड्यात शेंडे स्वच्छ. घेवडा इतका आला की शिक्षिकाबाईंनी दार उघडणं बंद केलं.

लिंबाचं ठीक आहे. पानं खाणाऱ्या त्या अळ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, अजून येतात. तू म्हणायचीस, दोन पानं खाल्ली तर खाऊ देत, त्यांची फुलपाखरं होतात. त्या दोन पानांवर थांबत नाहीत असं बघून त्यांना भिंतीकडची एक फांदी देऊन टाकली आहे. दुसऱ्या फांदीवर दिसल्या की उचलून तिकडे नेऊन ठेवते. हे म्हणतात, घरात कुणी ऐकत नाही म्हणून अळ्यांना शिस्त लावतेस.

आणि पेरू. तुझ्या पेरूला यंदा पहिल्यांदा फळ धरलं. पहिली दोन फळं पिवळी झाली, वास सुटला, मी कौतुकाने कापायला घेतली तर आत वळवळ. फळमाशी सालीला डंख मारून आतच अंडी घालते, बाहेरून काही कळत नाही. खाली पडलेली फळं तशीच राहू दिली तर पुढची पिढी त्याच मातीतून वर येते, म्हणून रोज ती वेचायची, जाड पिशवीत घट्ट बांधायची आणि उन्हात ठेवून द्यायची. मी हे सगळं शिकले. राहिलेल्या फळांना कागदी पिशव्या बांधल्या तर त्या वाऱ्याने फाटल्या. तेव्हा हे उठले. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. कोटाच्या अस्तराचं उरलेलं पातळ कापड काढलं, एक पेरू हातात धरून त्याचं माप घेतलं, चक्क गळ्याचं आणि छातीचं घेतात तसं, आणि नाडी ओढून बंद होणाऱ्या पिशव्या शिवायला बसले. फळ लिंबाएवढं झालं की त्याला पिशवी. वाढत्या अंगाला पुरेल अशी ढिली शिवली आहे, असं मला सांगत होते. फळमाशी आता नुसती घिरट्या घालून जाते. झाड मात्र असं दिसतं की रस्त्याने जाणारे थांबतात. शिक्षिकाबाई भिंतीवरून बघून म्हणाल्या, "पेरूंना झबली कुणी शिवली?"

त्या सहज म्हणाल्या. हे मात्र आत जाऊन बसले. तुला कारण सांगायला नको.

त्या वेळी ह्यांनी शिवून ठेवलेली झबली मी वरच्या कपाटात मागे सारली होती, तुझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. तू कधी विचारलं नाहीस. हॉस्पिटलातून घरी आलीस आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. मी पायाशी बसायची. बोलायला काही सुचायचं नाही, म्हणून तुझे पाय चेपायची. तू नको म्हणायचीस, आणि मी थांबले की पाय माझ्याकडे सरकवायचीस. मग एका सकाळी पलंग रिकामा. घरभर शोधलं, तर तू मागच्या अंगणात उकिडवी बसून माझ्या उलथन्याने जमीन उकरत होतीस. उलथनं नवंकोरं होतं. रागाने तोंड उघडलं होतं मी, पण तुझा चेहरा बघितला आणि आत जाऊन चहा टाकला. तू तो मातीच्या हातांनी प्यायलीस. तेव्हापासून ती बाग. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं, तेव्हा तू पडून राहिली नाहीस. थेट नर्सरीत गेलीस आणि पेरूचं कलम घेऊन आलीस. खड्डा तू घेतलास, माती मी लोटली. मला वाटतं, त्या बागेत माझा तेवढाच काय तो हात लागला होता.

आमच्या मुलाबद्दल चार ओळी लिहिते, नाही लिहिल्या तर लपवल्यासारखं होईल. तो बरा आहे. नोकरी दुसऱ्या शहरात आहे, सुट्टीला येतो, तेव्हा बागेत जाऊन उभा राहतो आणि कुठल्या झाडाचं नाव काय ते मला विचारतो. तेच ते नाव प्रत्येक खेपेला विचारतो. तुम्हा दोघांत कोणाचं किती चुकलं हे मी तेव्हाही विचारलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की दुःख एकच होतं आणि तुम्ही ते दोन वेगळ्या खोल्यांत बसून केलंत. तू दुसरं लग्न केलंस हे त्यानेच मला सांगितलं. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. "चांगला माणूस आहे म्हणे, लायब्ररीत असतो," एवढं म्हणाला आणि पाण्याची नळी गुंडाळायला गेला. मला आनंद झाला होता, खरं सांगते. तुला कळवावं असं फार वाटलं, पण कोणत्या नात्याने कळवायचं हे ठरेना, आणि दिवस गेले.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या आठवड्यात नर्सरीत कडुनिंबाचं तेल आणायला गेले होते. नर्सरीवाले म्हणाले, "बरं झालं काकू आलात. साबणाच्या पाण्याचं तुमचं हल्लीचं प्रमाण काय? तुमच्या सूनबाईंचा फोन होता. गॅलरीतल्या मिरच्यांवर पांढरी माशी आहे, पण सध्या त्यांना औषधाचा वास सोसत नाही आणि या दिवसांत काही फवारायचीही भीती वाटते." एवढं बोलून ते एकदम थांबले, चेहरा पडला त्यांचा. त्यांच्यावर रागावू नकोस, सवयीने तोंडातून गेलं. मी तेल तिथेच काउंटरवर विसरून घरी आले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिला आई नाही." मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "मग बसलीस काय?" मी म्हटलं, अहो, जाऊन सांगणार काय, मी कोण म्हणून? मुलाला फोन केला, कारण त्याच्या नकळत काही करायचं नव्हतं. तो म्हणाला, "जा आई. ती घाबरली असेल." तेव्हा विचारते. दिवस भरत आले की तुझ्याजवळ कुणीतरी हवं, आणि त्यानंतरही काही दिवस हवं. डॉक्टर आहेत, तुझा नवरा आहे, ते सगळं असेलच. पण आधीच्या दोन्ही वेळी काय झालं, कुठल्या महिन्यात तुझी झोप उडते, कशाने तू दचकतेस, हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक असलेलं एक माणूस घरात असलं तर तुला ते कुणाला समजावून सांगत बसावं लागणार नाही. मी फार बोलणार नाही. स्वयंपाक करीन, रात्री बाळ घेऊन बसेन, आणि तू नको म्हणालीस तरी पाय चेपीन. आधी तुझ्या नवऱ्याला विचार. त्यांना अवघड वाटलं तर तसं सरळ लिही, मी रुसणार नाही आणि माझं मन तुझ्याबद्दल तसूभर बदलणार नाही. तोवर मिरच्यांना नुसतं साधं पाणी पानांच्या खालच्या बाजूने जोरात मारायला सांग, तुझ्या नवऱ्याला सांग, तू वाकू नकोस. आणि मला एवढंच कळव. येऊ का?

तुझीच,
आई