एक तारीख लेकरांची

२५ ऑक्टोबर १९९६
आलो एकदाचे बहरीनला! विनय दोन वर्षं इथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. आता मी आणि सहा वर्षांची श्रद्धाही आलो. उम्म अल हस्सम भागातला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, ऐसपैस. विमानात श्रद्धाने माझंही जेवण फस्त केलं. खादाड लेक आमची.

२७ ऑक्टोबर
शेजारच्या ओफेलियाबाई मेक्सिकोच्या. मोडक्या इंग्रजीत आमचं मस्त जमतं. त्यांच्याकडे वारलेल्या माणसांना वर्षातून एकदा जेवायला बोलावतात म्हणे. फोटो मांडायचा, आवडीचं रांधायचं, दारापासून झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या. पाहुणे वासानेच जेवतात, मागे उरतं ते बेचव. मला हसूच आलं. आम्ही श्राद्ध-पिंड मानत नाही. पण आई एप्रिलमध्ये महाडला वारली. तिच्या आठवणीने चार माणसं जमवायला काय हरकत?
त्या म्हणाल्या, एक तारीख गेलेल्या लेकरांची, दोन मोठ्यांची. पण दोनला शनिवार, विनयची ड्युटी. मी सुट्टीचा शुक्रवारच ठरवला. एका दिवसाने काय बिघडतंय?

१ नोव्हेंबर
सात माणसं आली. सुकट, तांदळाची भाकरी, ओफेलियाबाईंचा गोड पाव. आईचा एकच फोटो आहे, श्रद्धाला मांडीवर घेतलेला. तोच मांडला. ओफेलियाबाईंनी आल्या आल्या तो पालथा घातला. हळूच म्हणाल्या, "जिवंत लेकराचा फोटो मांडत नाहीत. आज तर नाहीच." चारचौघांत! मला रागच आला.
सुकटीत मीठ दोनदा घातलं, तरी चव नव्हती.

३ नोव्हेंबर
श्रद्धा जेवत नाही. ताट नाकाशी नेते आणि पोट भरलं म्हणते. तिचं उरलेलं वरण मी चाखलं. नुसतं पाणी.

६ नोव्हेंबर
श्रद्धाचं वजन तीन किलो उतरलं. डॉक्टर म्हणतात, हवापालट. रात्री हॉलमध्ये मुलांची कुजबुज — विनयला ऐकू येत नाही. श्रद्धा म्हणते, ती मुलं तिच्यासाठी थांबलीयत. मला भीती वाटतेय. फार.

९ नोव्हेंबर
ओफेलियाबाईंना विचारलं, परत कसं पाठवू? त्या रडायला लागल्या. पाहुणे दुसऱ्या दिवशी आपणहून जातात, म्हणाल्या. कुणाला बरोबर न्यायचं नसेल तर —

११ नोव्हेंबर, दुपार
विनय ड्युटीवर. श्रद्धा मांडीवर. वजनच जाणवत नाही. डाव्या हाताने तिला धरलंय, उजव्याने लिहितेय. दाराला कडी आहे. बाहेर मुलं हसताहेत — नाही, आत —
श्रद्धा तिकडे बघून म्हणाली, "आले मी."
दोन्ही हातांनी धरायला हवं, म्हणून —