बाबांच्या अंघोळीचं गरम पाणी

शुक्रवार, जून २०१३. चोआ चू कांग, सिंगापूर.

सुमात्रातली रानं जळताहेत, त्यांचा धूर आठवडाभर इथे साचलाय. बाबांना दमा, म्हणून मीच स्वयंपाकघराच्या खिडक्या टेपने बंद केल्या. आज तिथेच गॅसचा गिझर बसवायला एक म्हातारे चिनी अंकल आले. जोडणी झाली, पण ते चालू करेनात. "विंडो क्लोज, कॅनॉट ऑन, लाह." गिझरला धुराडं नाही, जळलेला गॅस घरातच राहणार.

मी म्हणालो, "अंकल, फक्त पाच मिनिटं."

हे मी म्हणालो! जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत हवा तपासल्याशिवाय कुणाला टाकीत उतरू न देणारा मी. पाच मिनिटं म्हणे.

बाबा उठून आले. "काय म्हणतायत ते?"

सांगितलं.

"बरोबरच आहे की. आणि या उकाड्यात गरम पाणी मागितलं कुणी?"

खरंच, कुणी? मीच ठरवलं होतं. अंकलनी गॅस बंद केला, धूर ओसरल्यावर बोलवा म्हणाले.

बाबांना इथे येऊन दोन महिने झाले, मी त्यांना एकदाही काही विचारलेलं नाही. जेवताना विचारलं, "बाबा, काही हवंय का तुम्हाला?"

ते म्हणाले, "एक स्टूल आण. अंघोळीला बसायला."

दोन महिने ते उभ्यानेच अंघोळ करतायत.