सहाणेवरची कडू मुळी

यशोदा,

पेज चुलीजवळ झाकून ठेवली आहे. मी पहिल्या एसटीने कणकवलीला जातो, डॉक्टरांकडे तुझा नंबर लावायला. तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

काल देवांना गंध लावलं आणि बोटांना चंदनाऐवजी कसल्याशा मुळीचा कडू वास आला. पूजेच्या सहाणेवर तू चोरून लेप उगाळतेस, हा संशय तिथेच पक्का झाला. भर थंडीत घामाने भिजलेला तुझा अभ्रा रोज सकाळी दोरीवर असतो. चतुर्थीला शिवलेले ब्लाउज खांद्यावरून उतरतात. परवा दुपारी तुझा डोळा लागला, पदर सरला, तेव्हा मानेतली गाठ दिसली. आता तुझा हात सारखा काखेकडेही जातो.

"दुखणा नाय, मगे डॉक्टर कित्याक?" असं लेकीला फोनवर म्हणालीस, तेही ऐकलं. मी वाचलं ते नेमकं उलटं आहे. न दुखणारी, न जिरणारी गाठच आधी दाखवायची असते. लसिका ग्रंथींचा कॅन्सर असाच मुकाट वाढतो. रात्रीचा घाम, ताप, वजन उतरणं ही त्याचीच पावलं असू शकतात. वेळेवर कळला तर उपचार चांगले आहेत.

तू म्हणशील, "तुमका सगळे रोग पुस्तकातच गावतत." माझं चुकत असेल, नेहमीच चुकतं. पण ते गाठीचा तुकडा तपासून डॉक्टरांना सांगू दे.

अकराच्या गाडीने ये. मी स्टँडवर उभा असेन. तू उतरली नाहीस तर शेवटच्या गाडीपर्यंत तिथेच उभा राहीन. तेवढं माझ्याने होईल.

दत्ताराम