दातांत धरलेली तार

सोमवार, ३ तारीख

लागले बाई एकदाची कामाला! स्टुडिओ एवढुसा आहे, पण मला आवडला. खाली छापखाना, वर आम्ही. एक गाण्याची खोली, भिंतींना जाड कापड लावलेली. काचेपलीकडे मालकांची यंत्रांची खोली. काचेखाली एक भोक आहे, त्यातून गाण्याच्या खोलीतल्या मायक्रोफोनची तार मालकांच्या खोलीत येते. मागची लांबट खोली माझी. टेबल भक्कम, खिडकी मोठी, दिव्याची मान हवी तशी वळते. आणखी काय हवं?

काम म्हणजे प्रीअ‍ॅम्प बांधायचे. मायक्रोफोनमधून आवाज येतो तो मुंगीच्या पावलाएवढा. त्याला माणसाएवढा करते ती ही पेटी. मालकांनी तयार पेट्या न घेता सुट्या भागांची पाकिटं मागवलीत. पाकीट फोडायचं, नकाशा बघायचा, एकेक भाग बोर्डावर बसवून सोल्डर करायचा, म्हणजे शिसं-कथलाची तार वितळवून डाग द्यायचा. आधीचे कारागीर, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पहिली पेटी बांधून अचानक काम सोडून गेले. उरलेल्या माझ्या गळ्यात.

मालक हसरे आहेत, पोट सुटलेले, जीभ सैल. पण सतत खोकल्याची गोळी चघळतात, आणि ती चघळण्याचा जो आवाज येतो ना, देवा! मला कुणाच्याही तोंडाचा आवाज सहन होत नाही. आपोआप तोंडून ‘च्च’ निघतं. चिमणी म्हणते, मावशीसमोर केळंसुद्धा परवानगी काढून खावं लागतं.

चिमणी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई गेली तेव्हा हिचे दुधाचे दातही पुरते आले नव्हते. लोक म्हणाले, माय मरो पण मावशी जगो. मला त्या म्हणीचा भयंकर राग येतो. दोघी जगलो असतो तर म्हणीचं काय जाणार होतं? असो. पोरगी आता एकोणीसची झालीय. डोळे मिटून गाते आणि गाताना जगाला विसरते. हे काम मी घेतलं ते तिच्यासाठी. मालकांना एकच अट घातली, की पेट्या चालू झाल्या की पहिलं गाणं माझ्या चिमणीचं. ते एका पायावर तयार झाले.

मंगळवार, ४ तारीख

आज सफाई. मास्तरांचा खण उघडला आणि नाकाला पदर लावला. नखांचे तुकडे, चहाचा वाळलेला कप, त्यात बुरशी. माणूस होता का उंदीर?

पण खरी किळस आली ती सोल्डरच्या रिळाची. तारेचं टोक चावून चपटं केलेलं. दातांच्या खुणा, आणि वर थुंकीचा पांढरा थर. शी शी शी! वीतभर तार कापून कचऱ्यात टाकली आणि साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले.

आता खरं सांगायचं तर सवय मलाही आहे. एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात भाग, मग तार धरायची कशाने? बाबा म्हणायचे, कारागिराचा तिसरा हात म्हणजे त्याचे दात. आई ओरडायची, शिसं पोटात जाईल मेल्यांनो. पण मी निदान स्वतःची तार चावते. नवं रीळ मागितलं तर मालक म्हणाले की हे उत्तम आहे, संपवू आधी. ठीक आहे. चिमट्यात धरीन, तोंडात घालणार नाही.

गुरुवार, ६ तारीख

माझी पहिली पेटी झाली. जोड असे चकाचक की दृष्ट काढावी!

एक वाईट झालं. ट्रान्सफॉर्मर बसवताना दोन्ही हात गुंतले होते. काम संपलं तेव्हा लक्षात आलं की तार माझ्या दातांत आहे. कधी धरली, देव जाणे. आंबूस चव. दुसऱ्याच्या न धुतलेल्या कपाला तोंड लावावं तशी. थुंकले, चुळा भरल्या, तरी चव गेली नाही.

मग पेटी मायक्रोफोनला लावून बघितली. गाण्याची खोली रिकामी, दार बंद. हेडफोन घातला, आवाज चढवत नेला. आणि कोणीतरी चघळत होतं. अगदी कानाशी. जीभ टाळूपासून सुटल्याचा चिकट आवाज, लाळ ओढल्याचा, मग सावकाश गिळल्याचा. मी मालकांवर डाफरायला उठले. ते जागेवर नव्हतेच. खिडकीतून बघितलं तर खाली छापखानेवाल्याशी गप्पा मारत होते.

एखादा कपॅसिटर खराब असेल, त्यातून वीज गळत असेल. उद्या बदलते.

शनिवार, ८ तारीख

कपॅसिटर बदलले. तारा बदलल्या. चघळणं चालूच.

शेवटी मायक्रोफोनच उघडला. जाळीच्या आतला स्पंज ओला होता. ओला म्हणजे निथळत होता. बोटाला तार सुटली, लाळेची. कोमट होती. सकाळी दात न घासलेल्या माणसाने तोंडावर श्वास सोडावा तसा वास. मला उलटी झाली. लिहितानाही होईल असं वाटतंय.

मालक हसत म्हणाले, एवढ्या वर्षांच्या गायकांची थुंकी आहे ताई, कुठे जाणार ती. स्पंज स्पिरिटने धुतला, उन्हात वाळवला. दुपारी परत उघडला तर पुन्हा ओला, पुन्हा कोमट.

दुपारीच चिमणी माझा विसरलेला डबा घेऊन आली. गाण्याची खोली बघून हरखली, उंबऱ्यातच एक ओळ गायली. मी हेडफोनमध्ये ऐकत होते. चघळणं थांबलं. एकदम. कोणी तोंड उघडं टाकून ऐकत राहावं तसं. ती गायची थांबली आणि आतून लाळ गिळल्याचा मोठ्ठा आवाज आला.

तिला लगेच घरी पिटाळलं. रुसली. रुसू दे.

मंगळवार, ११ तारीख

बोर्डांवर पांढरा थर चढलाय. सगळ्या पेट्यांत, जोडांच्या भोवती. स्पिरिट आणि ब्रशने खरवडला. खाली गुलाबी निघालं. बोर्ड हिरवा असतो. मी ब्रश टाकून दिला.

घरी आरशात जीभ बघितली. तिच्यावर तोच थर. खरवडून खरवडून रक्त आलं, थर तसाच. जेवणाला चव नाही. घसा बसलाय. मालक म्हणतात हवा बदलली, आणि गोळी पुढे करतात. त्यांच्या बोटांना चिकटलेली. शी!

बुधवार, १२ तारीख

आज आतलं तोंड ओळखलं.

माझी डावीकडची दाढ काढलेली आहे. गिळताना तिथे हवा अडकून बारीकसा आवाज होतो, तो मला रात्रंदिवस माहीत आहे. तोच आवाज हेडफोनमध्ये. मी तोंड घट्ट मिटून बसले होते. आवाज आलाच. मग ‘च्च’ आलं. माझं ‘च्च’. आणि मग, माझ्या आवाजात, लाडात आल्यावर मी म्हणते तसं, ‘चिमणे.’

हेडफोन काढून फेकला. त्याच्या गाद्या ओल्या होत्या. माझा कानही.

गुरुवार, १३ तारीख

मास्तरांकडे जाऊन आले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. म्हणाल्या, ते आल्यापासून बोललेले नाहीत, एक अक्षर नाही. पण स्टुडिओतून अधूनमधून फोन येतो, आणि त्यावर आवाज असतो तो मास्तरांचाच. ये ना, एकदा मायक्रोफोनसमोर बस ना, म्हणतात. आणि त्या वेळी मास्तर घरात बायकोच्याच शेजारी बसलेले असतात, मुके. बाई शहाण्या, गेल्या नाहीत.

मास्तरांनी मला बघून तोंड उघडलं. आत सगळं कोरडं. जीभ आहे, पण वाळलेल्या कातडीसारखी, हिरड्या राखाडी, ओलावा म्हणून नाही. पण वास तोच, मायक्रोफोनचा. मी नाक दाबलं, लाज वाटली, तरी दाबलं. त्यांनी हवेतच तार धरून दातांत चावून दाखवली. मग माझ्या ओठांकडे बोट केलं आणि रडायला लागले. डोळ्यांतून पाणी मात्र येईना.

घरी येऊन उरल्यासुरल्या आवाजात चिमणीला सांगितलं, त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. तिने विचारलं, तुला माझं गाणं व्हायला नको आहे का? काय सांगू मी तिला? उद्या जाऊन एकेक पेटी फोडते. काम गेलं खड्ड्यात.

शुक्रवार, १४ तारीख

आवाज गेला. पूर्ण. तोंड कोरडं ठक्क. ही वहीच आता माझं तोंड. लिहिते आणि पुढे करते.

मालकांना लिहून दाखवलं, पेट्या फोडायच्या आहेत. ते आधी हसले. मग म्हणाले, सकाळी फोनवर तर छान बोलत होतात की. चिमणीला तुम्हीच बोलावलंत ना, सगळं ठीक झालंय, ये म्हणून?

मी फोन केला नाही.

मी फोन केलेला नाही!

तीच वेळ, मालकांच्या खोलीत

चिमणी आत आहे. माझ्या आधीच येऊन बसली होती. मालकांनी रेकॉर्डिंग लावलं आणि छापखान्याची मशीन बंद करायला सांगायला खाली गेले. नेहमीची पद्धत त्यांची. मशीन थांबली. सगळं शांत. आता पायऱ्या उतरून त्यांना आणेपर्यंत –

गाण्याच्या खोलीच्या दाराची मूठ बुळबुळीत आहे. हात सटकतो. पदराने धरली, पदर ओला. कोमट. शी, देवा –

काच बडवली. आत ऐकू जात नाही. तिच्या कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. ती गाताना डोळे मिटतेच. हेडफोनमध्ये माझा आवाज आहे. मी दुसऱ्या हेडफोनने ऐकतेय. जवळ ये बाळा. अजून. ओठ लाव. मावशी आहे ना.

प्लग उपसला. पेट्यांवरचे आवाज दाखवणारे काटे हलतातच –

कटर हातातून निसटतो. सगळं बुळबुळीत. मायक्रोफोनची तार भोकातून बाहेर आली आहे ना, ती तोडायची. नखांनी तुटत नाही. हात दोनच. एकात पेन, एकात वही, ती काचेला लावून धरली तरच तिला दिसेल –

तार दातांत धरली आहे. बाबा, तिसरा हात. चावते आहे. मऊ लागते. गरम. आत काहीतरी उडतं, नाडीसारखं. ओकारी येते, सोडणार नाही –

चिमणे डोळे उघड

चिमणे डोळे उघड ती मी नाही

उघडले! बघते आहे. वाचते आहे. ओठ हलले, मावशी म्हणाली. काचेतून आवाज नाही आला. माझ्या तोंडात आला. तारेतून, माझ्या जिभेवर, तिचा आवाज, गोड –

तिचा हात गळ्यावर गेला. पुन्हा ओठ हलले. हेडफोनमध्ये काहीच नाही. माझ्या तोंडात सगळं.

चावली तर तिचा आवाज तुटेल. सोडली तर ते आतलं तोंड गिळेल. माझे दात –

आणखी बोलू नकोस चिमणे, तोंड मिट, एक शब्दही नको, मी धरून ठेवते, जमेल तेवढं धरून, पण मला गिळावंसं वाटतंय गं, माझ्या तोंडाला पाणी सुट