मास्तरांसाठी गुंडाळलेली कॉइल

३ फेब्रुवारी
मास्तरांचा फोन. सोळाला ते मुलीकडे कायमचे राहायला जाणार. तिथे अँटेनाची तार बांधायला जागा नाही, जावयाला असलं काही खपत नाही. म्हणजे त्यांचा बोलायचा हॅम रेडिओ बंद. इतकी वर्षं आम्ही दोन गावांतून हवेवर बोललो, पण सगळ्यात खालच्या बँडवर, म्हणजे सगळ्यात लांब लहरींवर, एकदाही नाही. पंधराला संध्याकाळी सातला शेवटची गाठ तिथेच घेऊ, असं मीच बोलून बसलो. जीभ आवरत नाही.

४ फेब्रुवारी
या बँडला अँटेना फार उंच लागते. माझ्या गच्चीवर जेमतेम एक खांब. उरलेली उंची कॉइल भरून काढते. मास्तर म्हणाले, "भरून काढत नाही हो, नुसती रेडिओची समजूत घालते." शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. लिफ्टच्या मोटारींच्या तारा गुंडाळण्यात माझी हयात गेली. सातवी नापासाला कॉइल कळते.

७ फेब्रुवारी
प्लास्टिकच्या पाइपवर तांब्याची तार गुंडाळली. पाठ गेली, गुडघा आधीच गेलेला. ही म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा इतकं निरखून पाहिलं नव्हतंत." मी वेढे मोजत राहिलो.

९ फेब्रुवारी, सकाळ
कॉइल लहरी निघाली. मीटरचा काटा खाली आला की अँटेना जुळली, पण तो एकाच जागी खाली येतो. केसभर सरकलं की वर. हिने जवळ ओली चादर वाळत घातली, बिघडलं. पहाटे दव पडलं, बिघडलं. मास्तर म्हणाले, "चांगली कॉइल अशीच नखरेल असते. तिला काही लावू नका, उघडी राहू द्या." छातीत धडधड. गॅस असावा.

१२ फेब्रुवारी
दवावर उपाय सापडला. फाटकाला मारून उरलेला सिल्व्हर रंग. कॉइलला दोन हात दिले. काय चकाकते! मास्तरांना आत्ताच सांगायचं नाही.

१३ फेब्रुवारी
सगळं नव्याने जुळवलं आणि चमत्कार. काटा अख्ख्या बँडभर खाली. दव पडो, चादर पडो, ढिम्म. कॉइल हाताला चांगली गरम लागते, म्हणजे पॉवर तिथपर्यंत पोचतेय. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या रंगात धातूची पूड असते. सगळे वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले असतील." मुलगा बँकेत आहे. त्याला काय कळतं?

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
सातला मास्तर आले. आवाज खणखणीत, जणू शेजारच्या खोलीत. मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी ओरडून उत्तर दिलं. पुन्हा हाक. मग म्हणाले, "ऐकू येत नाहीये ना? बरंच आहे. आमची ही गेली त्या वर्षी रोज संध्याकाळी तुम्ही हवेवर यायचात, म्हणून मी दिवस ढकलले. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही विषय अँटेनावर नेला असतात. येतो." ते थांबताच मी बोलायचं बटण दाबलं आणि धरूनच ठेवलं. वर गच्चीवर गेलो तर जळक्या रंगाचा वास, पाइप वाकलेला. माझं सगळं बोलणं तिथेच तापून संपलं.
ही म्हणाली, "अहो, मग फोन करा ना." कसा करू? ऐकलं हे त्यांना कळेल.

१६ फेब्रुवारी
फोन त्यांचाच आला, मुलीच्या घरून. काल काय झालं? म्हणालो, लाइट गेली होती. "म्हणजे काहीच ऐकलं नाहीत?" नाही म्हणालो. त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणाले, नुसत्या हाका मारत होतो, आता फोनवरच बोलत जाऊ. पण हवेवर आपलं बोलणं संपलं की म्हणतात तसं फोनवर 'ओव्हर' म्हणत नाहीत. दोघंही एकदम बोलायला लागलो, दोघंही एकदम थांबलो. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी फोन ठेवला.