न धुतलेला कोळसा

प्रिय दादा,

सगळ्यात आधी सांगून टाकते, लिंबू जिवंत आहे. खातोय, पोहतोय, आणि आज सकाळी मी टाकीची काच आतून घासत होते तर माझ्या बोटाला ढुशी देऊन गेला. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागेल. तुझ्या त्या पिवळ्याधमक माशाला मी जवळजवळ मारलं होतं, आणि तीन महिने तुला फोनवर सगळं मजेत आहे म्हणून थापा मारत होते.

झालं असं, तू पुलाच्या कामावर गेलास त्याच आठवड्यात मला टाकीतलं पाणी पिवळट वाटायला लागलं. तुला वाटलं नसतं. तू क्रेनवर बसून जग बघतोस, मी लाँड्रीत बसून डाग बघते. मी टाकीमागे एक पांढरा नॅपकिन धरला आणि पुढून पाहिलं, तर तो चहात बुडवल्यासारखा दिसला. असा नॅपकिन दुकानात आला असता तर मी पुन्हा धुवायला टाकला असता, मग घरात कशी गप्प बसणार? तू माझ्यासाठी ठेवून गेलेल्या वहीत लिहिलेलं होतंच, की पाण्याचा पिवळेपणा आणि टाकीतली पोवळी जे काय पाण्यात सोडतात ते पाणी गाळायचा दाणेदार कोळसा शोषून घेतो. दोन मुठी जाळीच्या पिशवीत घालायचा, महिन्याने बदलायचा. मी म्हटलं, दोन मुठींनी काय होतंय. तुझी ती उभी नळी शोधून काढली, जिच्यात खालून पाणी येऊन दाणे घुसळतात ना, ती. कोळशाची अख्खी बरणी तिच्यात रिकामी केली आणि पंप पूर्ण सोडला.

वहीत आणखी एक ओळ होती, खाली दोन रेघा मारलेली. कोळसा नीट धुऊन घे. दादा, खरं सांगते, मला वाटलं तू माझी टिंगल करतोयस. ही साबणसुद्धा धुऊन वापरते, असं माझ्या लग्नात तू माझ्या सासूला सांगितलं होतंस, विसरलास? तेव्हा कोळसा धू असं तू म्हणावंस आणि मी ते खरं मानावं, एवढी काही मी भोळी नाही, म्हणून हसले आणि पान उलटलं.

चार दिवसांत पाणी असं झालं की टाकीत पाणी आहे की नाही कळेना. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. नवरा म्हणाला की एवढं स्वच्छ बघून त्याला जरा भीतीच वाटते, तर मी त्याला उडवून लावलं. दुसऱ्या महिन्यात लिंबूच्या डोळ्यामागे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. मग ते वाढले, रंग उडाला, आणि अंगाच्या मधोमध शेपटीपर्यंत कातडी झिजून एक फिकट पट्टा उमटला. आणि मी काय केलं? पाण्यात काहीतरी घाण आहे म्हणून आणखी कोळसा टाकला. डाग निघाला नाही की आणखी एक धुणं, मला दुसरं येतंच काय. तू फोटो मागितलास तेव्हा मी जुनाच पाठवला. तू छान दिसतोय असं लिहिलंस, आणि मी इस्त्री तशीच ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले. एका गिऱ्हाईकाचा सदरा जळला त्यात.

शेवटी शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाईंना हातापाया पडून घरी आणलं. मला वाटलं, औषध देतील. त्यांनी आधी टाकी बघितलीच नाही, ती नळी बघितली. दाणे एकमेकांवर घासून त्यांची भुकटी झाली होती, आणि न धुतल्यामुळे मुळातली भुकटी होतीच. त्यांनी ओल्या पांढऱ्या कापडाने पंपाचं तोंड पुसलं, तर कापड काळं. माझ्या चकचकीत पाण्यात काजळी फिरत होती आणि मला ती दिसली नव्हती, दादा. बाई म्हणाल्या की असं नेमकं का होतं ते कुणीच छातीठोक सांगत नाही, पण कोळशाची भुकटी आणि हे खड्डे त्यांनी बऱ्याचदा एकत्र पाहिलेत, या जातीच्या माशांत तर जास्तच. औषध काही नाही. कोळसा काढा, दर आठवड्याला थोडं पाणी बदला, समुद्री शेवाळाची पानं खाऊ घाला आणि हात बांधून बसा.

हात बांधून बसणं माझ्याने होतं का? पण बसले. नॅपकिन कपाटात कुलूप लावून ठेवला, किल्ली नवऱ्याकडे दिली. दहा आठवडे लागले. खड्डे काठाकडून भरत आले, रंग परतला. डोळ्यामागे एक फिकट वण राहिलाय, तो बहुधा राहणारच. आता दोनच मुठी कोळसा आहे, पिशवीत, आणि मी तो सात पाण्यांनी धुतलाय. हस खुशाल.

हे सगळं मी तुला सांगणारच नव्हते. पण रविवारी तुझा निरोप आला: तीन आठवड्यांपूर्वी मानेतली गाठ काढली, आता रिपोर्ट चांगला आला, काळजीचं काही नाही, आधी सांगितलं नाही कारण तू उगाच घाबरली असतीस. मी हे पत्र तुला झापायलाच घेतलं होतं. तीन आठवडे तू त्या रिपोर्टची वाट बघत परक्या गावात एकटा बसलास, आणि मला रोज सगळं मजेत म्हणत होतास. लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला हात थांबला, कारण मला कुठल्या तोंडाने बोलता येणार? म्हणून आधी माझी चूक लिहिली. आता तुझी तू लिही. गाठ कधी हाताला लागली, हॉस्पिटलात सोबत कोण होतं, रात्री झोप लागत होती का, सगळं. चांगला रिपोर्ट मी पाच वेळा वाचला. वाईट आला असता तर तू मला कळवलं असतंस का, एवढं एक मला खरं सांग.

तुझीच,
बटण